मोबाइल होमचं बाथरूम खालून वर बांधायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,

सादर नमस्कार.

आमच्या फ्लोरिडातल्या १९८४ सालच्या मोबाइल होमचं, म्हणजे कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवलेल्या घराचं, बाथरूम पूर्ण झालं. फोनवर आभार मानून समाधान होईना, म्हणून हे उघड पत्र लिहितो आहोत. अशा जुन्या घरांत राहणाऱ्या इतर मराठी मंडळींनाही तुमच्या सूचना उपयोगी पडाव्यात, हीसुद्धा इच्छा आहे.

सगळ्यात जास्त आभार तुमच्या एका आग्रहाचे. नळ आणि बेसिन निवडायच्या आधी घराखाली शिरा, असं तुम्ही बजावलं होतंत. मोबाइल होमच्या पोटाला खालून जाड काळं आच्छादन ताणलेलं असतं, त्याला बेलीबोर्ड म्हणतात. आत इन्सुलेशन, पाइप आणि गरम हवेची नळी असते. बेलीबोर्ड कुठे फुगलेला दिसला की बहुधा वर गळती आहे आणि पाणी तिथे साठलंय, असं समजायचं. सगळ्यात खालच्या जागी छोटं भोक पाडून आधी ते पाणी बादलीत काढायचं, मगच बोर्ड कापायचा. ओलं इन्सुलेशन वाळवून परत घालायचं नाही. ते स्पंजासारखं पाणी धरून बसतं आणि वरचे वासे कुजवतं.

तिथेच पाणसळ लावायला सांगितलंत, तेही फार मोलाचं. घर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं असतं आणि ठोकळे हळूहळू खचतात. एक कोपरा दबला की सांडपाण्याच्या पाइपचा उतार जातो. दर फुटाला पाव इंच उतार हवा. म्हणून आधी घर समपातळीत आणायचं, मग पाइप, मग जमीन. हा क्रम उलटा केला तर नवे सांधेही ताणाने सुटतात. ठोकळ्यांवरचं घर हलतं, म्हणून सिरॅमिक टाइलऐवजी एकसंध व्हिनाइल (जमिनीवर अंथरायचं प्लास्टिकचं आवरण) घाला, हा सल्लाही त्यातूनच आला.

जमिनीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच फसतात. मूळ जमीन पार्टिकल बोर्डची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची. एकदा पाणी प्यायली की फुगते, आणि वाळली तरी तिचा जोर परत येत नाही. वरून नवं व्हिनाइल चिकटवणं म्हणजे कूज झाकणं. या घरांत भिंती जमिनीच्या बोर्डवर उभ्या असतात. त्यामुळे बोर्ड भिंतीच्या कडेलगत कापावा लागतो आणि नव्या कडेला आधारच उरत नाही. दोन वाशांच्या मध्ये आडवे लाकडी तुकडे बसवून तो आधार द्यायचा. करवतीचं पातं बोर्डच्या जाडीपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही, कारण लगेच खाली वायर आणि पाइप असतात. प्लायवूड १९/३२ इंची घ्यायला सांगितलंत. तो जुन्या ५/८ इंची बोर्डशी जुळतो. पाऊण इंची घेतला असता तर दारात उंबरठा तयार झाला असता. खाली गोंद, कडेला दर सहा इंचांवर स्क्रू.

कमोडची फ्लँज, म्हणजे त्याला सांडपाण्याच्या पाइपशी जोडणारी कडी, तयार जमिनीच्या वर बसवून नव्या प्लायवूडमध्ये स्क्रूने घट्ट करायची. ती खाली राहिली की मेणाची रिंग नीट दबत नाही, आणि कमोड डुगडुगला की रिंग फाटून पाणी पुन्हा जमिनीत. पुढून आणि बाजूंनी सिलिकॉन, मागची कड मात्र मोकळी. गळती झालीच तर तिथून दिसेल.

टबचं मापही तुम्हीच आधी घ्यायला लावलंत. मोबाइल होममध्ये टब बहुधा ५४ बाय २७ इंचांचा, तर नेहमीच्या दुकानात ६० बाय ३०चा मिळतो. मोबाइल होमचं सामान विकणाऱ्यांकडे योग्य माप मिळतं. कारखान्यात टब आधी ठेवून भिंती नंतर उभारलेल्या असतात, म्हणून जुना टब कापूनच बाहेर काढावा लागतो. दार अरुंद असल्याने भिंतीचं आवरणही तीन तुकड्यांचं घ्यायचं. टबाखाली मॉर्टर (सिमेंट-वाळूचा गिलावा) पसरायला विसरू नये. ४० गॅलन पाण्याचं वजन दीडशे किलोच्या आसपास होतं. तळ दबत राहिला की निचऱ्याचा सांधा सुटतो.

करड्या पॉलिब्युटिलिन पाइपबद्दल तुमचं मत पक्कं होतं: सांधायचा नाही, काढायचा. १९७८ ते १९९५ या काळातल्या घरांत तो सर्रास दिसतो. पाण्यातलं क्लोरीन त्याला आणि त्याच्या फिटिंगना ठिसूळ करतं. त्या जागी पेक्स, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा नवा पाइप, आणि जिथे जुना भाग ठेवायचाच तिथे खास दोघांना जोडणारी फिटिंग. साधी पेक्स फिटिंग ढकलून बसवली तर गळते. सांध्यावरची धातूची रिंग आवळल्यावर ती पुरती आवळली का, हे प्रत्येक सांध्याला गेज (मोजायचं माप) लावून तपासायचं. प्रत्येक नळाखाली स्वतंत्र स्टॉप कॉक, कारण मूळ घरात ते नव्हतेच.

बेसिनखालचा, निचऱ्याच्या पाइपमध्ये हवा आत घेणारा व्हॉल्व्हही बदलला. जुन्याची स्प्रिंग अडकली की गटाराचा वास येतो किंवा निचरा गुळगुळ वाजतो. नवा व्हॉल्व्ह ट्रॅपच्या (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपच्या) पुढच्या आडव्या पाइपपेक्षा निदान चार इंच वर हवा. पंख्याची हवा छताबाहेर सोडली, माळ्यात नाही. बेसिनजवळ शॉकपासून वाचवणारा जीएफसीआय सॉकेट लावला.

शेवटची चाचणी तुम्ही सांगितलीत तशीच केली: टब ओव्हरफ्लोपर्यंत भरायचा, बूच एकदम काढायचं, आणि एकाने खाली टॉर्च धरून प्रत्येक सांधा कोरड्या टिश्यूने पुसून बघायचा. तोवर बेलीबोर्ड उघडाच ठेवायचा. टबाच्या नळामागे भिंतीत चार स्क्रूंची झडपही ठेवली आहे, म्हणजे पुढे भिंत फोडावी लागणार नाही.

आता स्वयंपाकघराखालचा करडा पाइप बाकी आहे. अर्ध्या इंचाचा पेक्स, रिंगा आणि जोडणाऱ्या फिटिंग आणून ठेवल्या आहेत. दिवाळीला इकडे याल तेव्हा मुख्य लाइनपासून सुरुवात कुठून करायची, तेवढं दाखवा.

आपले कृतज्ञ,
आम्ही दोघं