शिडीची कुस्ती आधी कॅसेटवर

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीवरचा लेख वाचला. शिडीची कुस्ती, म्हणजे वर टांगलेला विजेतेपदाचा पट्टा शिडी चढून काढेल तो जिंकला, ही त्या कंपनीत १९९४च्या रेसलमेनियापासून, म्हणजे तिच्या वार्षिक मोठ्या सोहळ्यापासून सुरू झाली, असं त्यात म्हटलंय. शॉन मायकेल्स आणि रेझर रमोनची ती लढत गाजली हे खरंच. पण शिडी त्याआधीच, २१ जुलै १९९२ला अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडला उभी राहिली होती. ब्रेट हार्ट विरुद्ध हाच मायकेल्स. ती लढत तेव्हा टीव्हीवर आली नाही, पुढच्या वर्षी थेट कोलिझियम व्हिडिओ या कंपनीने काढलेल्या कॅसेटवर निघाली. लेखकाच्या नजरेतून सुटली ती बहुधा यामुळेच.

छातीठोक सांगतोय, कारण ती कॅसेट मी मिरजेत दिवसाला दहा रुपयांनी भाड्याने देत होतो. (कॉपीची कॉपी होती, आता कबूल करायला काय हरकत आहे!) हार्ट शिडी चढून वर टांगलेला पट्टा काढतो, तेवढाच तुकडा पोरं मागे घेऊन घेऊन बघायची. त्यामुळे बाकी कॅसेट ठणठणीत, पट्ट्याला हात लागायची वेळ आली की पडदाभर मुंग्या. मग 'हेड (व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग) साफ करा की हो' म्हणून ओरडा मलाच.

कोलिझियमने १९८५पासून १९९७पर्यंत या कॅसेटी काढल्या, काही सामने तर खास कॅसेटसाठीच. एका गिऱ्हाइकाच्या भावाने अमेरिकेहून अस्सल आणली होती. ती एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या चित्रपद्धतीची, आणि आमचा व्हीसीआर आपल्याकडच्या पाल पद्धतीचा. लालपिवळा हल्क होगन काळापांढरा झाला, वर चित्र सारखं सरकतंय. ब्रिटनहून आलेली, तिथल्या सिल्व्हर व्हिजन कंपनीची पाल कॅसेट मात्र पहिल्या दमात चालली.

'आता सगळं जुनं एका क्लिकवर' हे लेखातलं वाक्यही पटलं नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ हीच आद्याक्षरं असलेल्या वन्यजीव संस्थेशी कोर्टात हरल्यावर २००२मध्ये कंपनीचं नाव बदललं, आणि पुढे २०१२पर्यंत डीव्हीडीवर जुनं बोधचिन्ह धूसर करून दाखवायचे. १९९०च्या रेसलमेनियात रॉडी पायपर हा गोरा पैलवान कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यासमोर अर्धं अंग काळं रंगवून उतरला होता. अमेरिकेत पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेने २०२१मध्ये तो सामनाच काढून टाकला. वाईट प्रकार होता, वाद नाही. पण झाला होता, आणि कॅसेटवर अजून आहे.

माझ्याकडे अशा चाळीसेक उरल्यात, काहींना बुरशी लागलीय. व्हीसीआर बंद आहे. सांगली-मिरजेत हेड बदलून देणारा कोणी असेल, तर वाचकांनी कृपया आपल्यामार्फत कळवावं.

— एक जुना व्हिडिओ लायब्ररीवाला, मिरज