गोल कुणी मारला ते पण छापा की

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पेपरला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या. विश्रामबागला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आपला पेपर रोज येतो, गिऱ्हाईक झेरॉक्स निघेपर्यंत चाळत उभं असतं आणि मी कायम मागनं उघडतो, आधी खेळाचं पान, मग बाकीचं जग. तर गेल्या महिन्यात आपल्याकडं शालेय मुलींच्या फुटबॉलची बातमी आली होती. चार ओळींची. त्यात उद्घाटक कोण, प्रमुख पाहुणे कोण, नारळ कुणी फोडला, आभार कुठल्या सरांनी मानले हे सगळं नावानिशी होतं आणि शेवटी "अंतिम सामना २-१ असा झाला". ते दोन कुणी मारले? माझ्या पोरीनं मारले. आठवीत आहे, फॉरवर्ड खेळते, पेपर हातात घेऊन दोनदा वाचला आणि म्हणाली, पप्पा नारळाचं नाव आलं माझं नाही आलं.

आपल्यावर राग नाही साहेब, बातमी तुम्हाला जशी पाठवली जाते तशी येते हे मला पण कळतं. पण फॉरवर्डचं करिअर म्हणजे शेवटी काय हो, मोजलेले गोल. भारताच्या टीमची फॉरवर्ड बाला देवी, तिचं बघा. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातली, लहानपणी गावातल्या पोरांबरोबर खेळून तयार झालेली. माझी पण रोज सकाळी पोरांतच खेळते, कारण ग्राउंडवर दुसऱ्या पोरी नाहीत. तर बाला, २०१४ ला पाकिस्तानात इस्लामाबादला दक्षिण आशियातल्या देशांची सॅफ स्पर्धा झाली त्या एका स्पर्धेत हिनं १६ गोल मारले, सोळा! भारत चॅम्पियन झाला. आपल्यातल्या किती जणांना माहितीय? मला तरी पोरगी खेळायला लागेपर्यंत माहिती नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पुढं २०१९ ला लुधियानात इंडियन विमेन्स लीग झाली, त्यात ही मणिपूर पोलीसकडनं खेळली आणि ७ मॅचमध्ये २६ गोल. हा आकडा ऐकला की लोक वा वा म्हणतात, मी पण म्हणालो, मग पोरगीच म्हणाली की पप्पा सातच मॅच? तेव्हा डोक्यात उजेड पडला. देशातली सगळ्यात मोठी लीग आणि देशातल्या एक नंबरच्या फॉरवर्डला सीझनमध्ये सात मॅच, मे महिन्यात सुरू, मेमध्येच संपली. आपल्याकडं गल्लीतल्या क्रिकेटला पण यापेक्षा जास्त मॅच होतात. बाकीचं वर्षभर ती पोरगी काय करणार? नोकरी. पोलिसातली नोकरी होती म्हणून टिकली असं माझं मत आहे, नाहीतर विशीतच कुणीतरी म्हणालं असतं, बास आता. आमच्याकडं तर आठवीतच म्हणायला लागलेत, आमच्या आत्याबाई सोडल्या तर सगळे पाहुणे तेच विचारतात की यातनं पुढं काय.

पुढं काय तर हे. जानेवारी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबनं तिला घेतलं, तिशी पुरी व्हायला आठवडा पण राहिला नव्हता, जर्सी दिली १० नंबरची. गेली आणि दीडदोन महिन्यांत कोरोना, सगळं बंद. परक्या मुलखात थंडीत एकटीनं दिवस काढले असतील, आपण इथं वाळवणं घालत आणि थाळ्या वाजवत बसलो होतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मदरवेलबरोबर मॅच झाली, रेंजर्स ९-० जिंकली आणि त्या नवांतला एक बालाचा. नऊ-शून्यातला एक गोल म्हणजे तसं काहीच नाही, जिंकायला त्याची गरज पण नव्हती. पण तिकडच्या लोकांनी तो नावासकट, मिनिटासकट लिहून ठेवला. म्हणून आज आपण म्हणू शकतो की युरोपातल्या वरच्या लीगमध्ये गोल मारणारी पहिली भारतीय बाई ही.

मग गुडघा गेला. जानेवारी २०२२ ला आशियाई कप आपल्याच महाराष्ट्रात होता, मुंबई, नवी मुंबई, पुणे, आणि बाला टीममध्येच नाही. टीमची पण दशाच झाली, इराणबरोबर ०-० केलं आणि पुढच्या मॅचला डी वाय पाटीलवर कोरोनामुळं तेरा पोरी पण उभ्या करता आल्या नाहीत, स्पर्धेतनं बाहेर. त्याच डी वाय पाटीलवर नोव्हेंबर २०२५ ला आपल्या सांगलीच्या स्मृतीच्या टीमनं क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकला. तेव्हा आपण पानंच्या पानं दिली ती बरोबरच दिली, मी त्या पानाची कलर झेरॉक्स काढून दुकानात लावलीय. पण बालानं गुडघ्यातनं उठून ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध भारतासाठी पन्नासावा गोल मारला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो दिवस आपल्या पानावर मी शोधला. सापडला नाही. असला कुठं कोपऱ्यात तर माफ करा.

आणि फुटबॉल इकडं कुणी वाचत नाही असं तर म्हणूच नका. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की आमच्या गल्लीतली निम्मी पोरं गाडीवर ट्रिपल सीट तिकडं पळतात, आणि दुसऱ्या दिवशी गोल कुणी मारला, पास कुणी दिला, कार्ड कुणाला पडलं सगळं छापून येतं. तेवढंच पोरींचं पण द्या. जास्त जागा नको, पाहुण्यांची दोन नावं कमी केली की बसतंय. आमच्याकडं पेपरचं कात्रण म्हणजे काय चीज असते ते लॅमिनेशन करणारा माणूस म्हणून मी सांगतो, लोक ते फायलीत ठेवतात, सरांना दाखवतात, आणि "पुढं काय" विचारणाऱ्या पाहुण्यासमोर गुपचूप ठेवतात.

पुढच्या मॅचचा निकाल मी स्वतः पाठवतो, गोल, मिनिट, पोरीचं नाव, शाळा, सगळं वहीत लिहून. आपल्या सांगलीच्या वार्ताहरांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर तेवढा पेपरात द्या, दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

आपला वाचक,
एक झेरॉक्सवाला, विश्रामबाग, सांगली