तुझ्या रिपोर्टमधली ती ओळ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू फोटो काढून पाठवलेला रिपोर्ट काल रात्री तीनदा वाचला. फोनवर तू एवढंच म्हणालास, "किती दिवस उरलेत, ते खरं सांग." मला पटकन बोलता आलं नाही. हाच प्रश्न २०१४ साली ताईने मला विचारला होता. तेव्हा तिला धीर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तुझ्यासाठी आहे, म्हणून बसून लिहितोय.

गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेली होती, पण तपासलेल्या १८ लिम्फ नोडपैकी (रसग्रंथींपैकी) एकातही कॅन्सर सापडलेला नाही. म्हणजे दुसरी स्टेज. आणि शेवटच्या पानावर ती ओळ: एमएसएच २ आणि एमएसएच ६, लॉस. 'लॉस' वाचून तू हादरलास, हे मी समजू शकतो. पण ती ओळ काय सांगते ते ऐक.

पेशी दुभागताना डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतातच. त्या शोधून सुधारणारी प्रथिनं असतात, छापखान्यातल्या मुद्रितशोधकासारखी. ती जोडीनं काम करतात. एमएसएच २ गेलं की त्याच्या आधारानं उभं असलेलं एमएसएच ६ही टिकत नाही. तुझ्या गाठीत ही जोडीच नाही, त्यामुळे चुका साचत गेल्या. आतड्याच्या सगळ्या कॅन्सरमध्ये दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या अशा गाठी साधारण १५ टक्के. इतक्या चुकांमुळे गाठ विचित्र प्रथिनं बनवू लागते आणि आपल्या शरीराच्या सैनिक पेशी तिला परकी म्हणून ओळखतात. तुझ्या रिपोर्टमध्ये गाठीत भरपूर लिम्फोसाइट, म्हणजे याच सैनिक पेशी, दिसल्याची नोंद आहे, ती त्याचीच खूण. वीस वर्षं मायक्रोस्कोपखाली अशा गाठी बघतोय. दुसऱ्या स्टेजला त्या इतर गाठींपेक्षा कमी वेळा उलटतात. शिवाय या स्टेजला अशा गाठीवर नुसत्या ५-एफयू या औषधाच्या केमोचा फायदा दिसत नाही. तेव्हा डॉक्टर "केमो नको, नियमित तपासणी करू" म्हणाले, म्हणजे त्यांनी तुझी आशा सोडली असं मुळीच समजू नकोस.

तू गूगलवर केआरएएस आणि बीआरएएफ या जनुकांबद्दलही वाचलंस आणि सगळं एकत्र कालवलंस. काही मार्कर, म्हणजे गाठीत सापडणाऱ्या खुणा, आजार पुढे कसा वागेल ते सांगतात, काही मार्कर कोणतं औषध चालणार नाही ते सांगतात. केआरएएस मुख्यतः दुसऱ्या जातीचा. साधारण ४० टक्के रुग्णांत तो बदललेला असतो, आणि अशांना सेटक्सिमॅब हे औषध लागू पडत नाही हे २००८ पासून पक्कं माहीत आहे. त्याआधी कितीतरी जणांनी ते इंजेक्शन उगाच सोसलं.

बीआरएएफ व्ही६००ई, म्हणजे बीआरएएफ जनुकातला एक ठरावीक बदल. हा ताईचा. चौथी स्टेज. रिपोर्ट वाचल्यावर काय होणार ते मला कळलं होतं, आणि तिच्यासमोर बसून मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. याची सल अजून जात नाही. तेव्हा आतड्याच्या कॅन्सरमध्ये या बदलाला नाव होतं, पण त्याच्यावर नेम धरणारं मंजूर औषध नव्हतं. २०२० साली अमेरिकेत एन्कोराफेनिब आणि सेटक्सिमॅब या औषधांच्या जोडीला मंजुरी मिळाली. आजार संपत नाही, पण काळ वाढतो. मार्कर तोच, त्याचा अर्थ मात्र सहा वर्षांत हलला. तुझ्या प्रकारातही तसंच झालं. पसरलेल्या आजारात २०२० सालच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधावर आजार थोपून राहण्याचा मध्यक काळ १६.५ महिने होता, केमोवर ८.२. तुला त्याची गरज नाही, पडूही नये. पण पडलीच, तर हात रिकामे नाहीत.

आता जे फोनवर बोलायला मी कचरलो ते. एमएसएच २ नाहीसं होण्यामागे बहुतेक वेळा जन्मतः आलेला दोष असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तुझे वडील पन्नाशीत 'पोटाच्या आजारानं' गेले, आणि त्या आजाराचं नाव घरात कुणी कधी घेतलं नाही. तू स्वतः अजून सेहेचाळीसचा. रक्ताची जनुकीय तपासणी करून घे. दोष निघाला, तर तुझ्या बहिणीत, सुनीतातही तो असण्याची शक्यता निम्मी, आणि तुझ्या मुलांतही प्रत्येकी तेवढीच. असला तर सुनीताला दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागेल. त्यात गाठ होण्याआधीचे पॉलिप सापडतात आणि तिथल्या तिथे काढता येतात. गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, म्हणून तिने स्त्रीरोगतज्ज्ञाशीही बोलायला हवं.

"सुनीताला काही सांगू नकोस, ती घाबरेल," असं तू म्हणालास. घाबरू दे, सुधीर. ताईशी मी बोललो नाही, कारण बोलून काही बदलणार नव्हतं. सुनीताच्या बाबतीत बदलेल.

रक्त कधी देणार ते कळव, मी येतो. त्याच दिवशी तिला फोन करू. बोलायचं तूच, मी शेजारी बसेन.

तुझा,
अनिल