आधी १९३० लाव, मग रड

सांगली
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या रूममेटला ऑनलाइन फसवल्याचं सांगितलंस, तेव्हापासून ती पोर डोळ्यांसमोरून हलत नाही. पैसे गेले हे वाईटच. पण दोन दिवस ती कुणाला काही बोलली नाही, ऑफिसला गेली, डबा तसाच परत आणला, हे ऐकून माझ्या पोटात जास्त कालवलं. फोनवर मला धड सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल. वाच आणि तिलाही वाचायला दे.

मी बँकेत होते तेव्हा शाखेत एक निवृत्त गुरुजी आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि आजूबाजूला बघत हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा एंट्री मारून देता का?" पासबुक छापून बाहेर आलं. एकाखाली एक चार नोंदी, सगळ्या एकाच तारखेच्या, आणि शेवटी शिल्लक काही शे रुपये. त्यांना आठवडाभरापूर्वी मेसेज आला होता: मागचं बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. फोन केला. समोरच्याने एक अ‍ॅप घ्यायला लावलं आणि फक्त दहा रुपये भरायला सांगितले. त्या अ‍ॅपमधून गुरुजींच्या फोनची स्क्रीन त्याला दिसत होती, पिन टाकतानासुद्धा. पैसे गेल्याचं गुरुजींना त्याच रात्री कळलं होतं. तरी आले आठवड्याने. का, तर "मुलाला कळलं तर तो म्हणेल, बाबांच्या हातात फोन दिला हेच चुकलं."

त्या आठवड्यात तिकडे काय होतं ते सांगते. आपल्या खात्यातून निघालेला पैसा चोराच्या स्वतःच्या खात्यात जातच नाही. तो जातो भाड्याच्या खात्यात. कुण्या कॉलेजातल्या पोराने, कुण्या मजुराने चार-पाच हजारांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं. तिथून काही मिनिटांत रक्कम फोडून तीन-चार खात्यांत, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी कुठल्या तरी लांबच्या एटीएममधून रोख किंवा क्रिप्टोत. उसाला पाणी सोडलंय आणि पाट पहिल्याच सरीला अडवला तर पाणी हातात राहतं. दहा सऱ्यांत पांगल्यावर कोण गोळा करणार? म्हणून पहिला तास हाच खरा. पोलीसही त्याला गोल्डन अवर म्हणतात.

आता १९३० चं. हा केंद्रीय गृह मंत्रालयाने चालवलेला सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. २०२१ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता. लोक समजतात की इथे फोन केला म्हणजे नुसती तक्रार नोंदवली. तसं नाही. फोन घेणारा तुझ्याकडून तपशील घेतो: कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, कुणाच्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यावर, आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेने दिलेला ओळख क्रमांक. हे सिस्टिमवर चढलं की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, तयार होतं आणि ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जातं. पैसे अजून तिथेच असतील तर ती बँक तेवढी रक्कम होल्डवर टाकते, म्हणजे अडवून ठेवते. पुढे सरकले असतील तर कुठे सरकले ते ती बँक सिस्टिमवर कळवते आणि तिकीट पुढच्या बँकेकडे जातं. म्हणजे पैशांच्या मागोमाग तिकीट धावत असतं. किती मागून धावायचं ते आपण किती लवकर फोन केला यावर ठरतं.

फोन झाल्यावर मेसेजवर पोचनंबर येतो. तो आला म्हणजे काम संपलं असं समजू नकोस. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर चोवीस तासांत पूर्ण तक्रार भरायची असते. पुष्कळ जण इथेच सोडून देतात आणि मग वर्षभर "मी तर फोन केला होता" म्हणत राहतात. लाइन लागत नसेल तर वाट बघत बसू नकोस, सरळ पोर्टलवर जा.

त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं, कार्ड आणि यूपीआय बंद करायचं. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे बघून लाव, गूगलवर शोधू नकोस. तिथे चोरांनीच बँकेच्या नावाने नंबर टाकून ठेवलेले असतात, आणि घाबरलेला माणूस तिथेच दुसऱ्यांदा फसतो. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप घेतलं असेल तर आधी नेट बंद कर. सिमची रेंज अचानक गेली आणि परतच येत नसेल, तर ते साधं नेटवर्कचं दुखणं नसूही शकतं, तुझ्या नंबरचं दुसरं सिम चोराने काढलेलं असू शकतं. लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचार. आणि चॅट डिलीट करायचा नाही. राग येतो, किळस येते, सगळं समजतं मला, पण तोच पुरावा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाबद्दल लोकांचा फार गोंधळ असतो, म्हणून तेवढं सविस्तर लिहिते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरवलं की तुझी काही चूक नसताना, बँकेचीही नसताना, तिसऱ्याच कुणी तुझ्या खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तू कळवलंस, तर तुझी जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंस तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा भार तुझ्यावर. त्यानंतर ज्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले.

पण तूच ओटीपी सांगितलास, तूच पिन टाकलास, तर हा आधार बराचसा सुटतो. कळवेपर्यंतचं नुकसान तुझं. मात्र कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला, तरी तो बँकेचा. हे वाक्य काउंटरवरची माणसं स्वतःहून सांगत नाहीत, म्हणून तू लक्षात ठेव. बँकेला फोन केलास की तक्रार क्रमांक माग आणि किती वाजता बोललीस ते तिथल्या तिथे लिहून ठेव. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

तुझ्या रूममेटच्या बाबतीत हा नियम फारसा उपयोगी पडणार नाही, ते आधीच सांगते. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं काम, सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात, मग "प्रीमियम टास्क"साठी आधी पैसे भरा, मग काढायचे तर कर भरा. पैसे तिने स्वतःच पाठवलेत. तिची सगळी भिस्त होल्डवर. दोन दिवस उशीर झालाय तरी तक्रार झालीच पाहिजे. तिने चार-पाच वेळा पाठवले म्हणालीस ना? प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर वेगळा असतो, सगळे भरायचे, फक्त मोठा नाही. शेवटच्या खात्यात काही अडकलेलं असू शकतं.

होल्ड झाले तरी ते आपोआप परत येत नाहीत. पोलीस ठाण्यात तक्रारीचा पाठपुरावा करून, बहुतेकदा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ४५७. काही ठिकाणी लोकअदालतीतूनही अशा रकमा परत मिळाल्या आहेत. "आमच्या हद्दीत येत नाही" असं कुणी म्हणालं तर गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे शांतपणे सांगायचं. ही वाट कंटाळवाणी आहे आणि सगळे पैसे परत येतीलच असं मी तिला खोटं सांगणार नाही.

या मधल्या काळात तिला एखादा फोन नक्की येईल. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा." फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, आणि पैसे परत मिळण्याची आशा लागलेल्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं. पोलीस किंवा कोर्ट फोनवरून यूपीआयने पैसे मागत नाही. तिला हे तू दोनदा सांग.

आणि तुझं. आपल्यावर कधी अशी वेळ आली तर आधी १९३०, मग बँक, मग लगेच मला फोन. रात्रीचे दोन वाजले असले तरी. बाबांना कसं सांगायचं हा विचार तू करू नकोस, ते मी बघेन. या घरात तुला कुणी "एवढी शिकलेली असून कशी फसलीस" असं विचारणार नाही. शिकलेली माणसंच जास्त फसताना मी पाहिलीत, कारण नेट बँकिंग तीच वापरतात आणि कायद्याला तीच घाबरतात. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली, म्हणजे तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला अटक झालीय" म्हणून घाबरवल्यावर, निवृत्त अधिकारी, डॉक्टर तासन्तास कॅमेऱ्यासमोर बसून राहिले. असली अटक कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मधून सांगावं लागलं.

पोर्टलवर तक्रार भरताना तिला घटनाक्रम लिहावा लागेल. तारीखवार, कोण काय म्हणालं, किती पाठवले. घाबरलेल्या माणसाला ते नीट सुचत नाही. तिच्या बँकेचं स्टेटमेंट आणि चॅटचे स्क्रीनशॉट मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मी आज रात्रीच बसून मसुदा करून देते. पण १९३० चा फोन त्यासाठी थांबवू नका, तो हे वाचून होताच लावा.

तुझी,
आई