तिच्या गोळ्या कधी बंद होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यसनमुक्तीच्या चर्चेत बाईची भूमिका ठरलेली असते, ती म्हणजे नवऱ्याला किंवा मुलाला केंद्रात घेऊन येणारीची. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो, आणि तो चालायलाच हवा. परंतु ब्राउन शुगर, कोडीनचे खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी यांत बाईच अडकली, तर तिच्यासोबत कोण येते? परिचारिका म्हणून मी पाहिले ते असे, की आली तर आई किंवा बहीण, तीही सासरी न कळवता.

अशा व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळवायची असते आणि सरकारी ओएसटी केंद्रात (म्हणजे व्यसनाच्या पदार्थाऐवजी असे औषध देणाऱ्या केंद्रात) ती सहसा रोज कर्मचाऱ्यांसमोर घ्यावी लागते. घरच्यांना मात्र ‘एक सोडले, दुसरे धरले’ असेच वाटते आणि महिन्याभरातच ‘गोळ्या कधी बंद होणार?’ हा प्रश्न सुरू होतो. योग्य मात्रेतल्या या औषधाने नशा चढत नाही. तलफ आणि अंग मोडून येणे, जुलाब, निद्रानाश हा त्रास आटोक्यात राहून ती कामाला लागू शकते. घरच्यांच्या धाकाने ते मध्येच तोडले आणि ती पुन्हा व्यसनाकडे वळली, तर सहनशक्ती कमी झालेल्या शरीराला पूर्वीची मात्रा झेपत नाही व श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. गरोदरपणी औषध अचानक थांबवणे तर बाळालाही धोक्याचे असते. जन्मानंतर बाळाला काही काळ त्रास होऊ शकतो, पण त्यावर उपचार आहेत, आणि उपचारावर स्थिर असलेल्या आईने अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. सासूबाईंनी हे डॉक्टरांकडूनच ऐकावे, कारण सुनेने सांगितलेले खरे मानण्याची आपल्याकडे रीत नाही!

घरच्यांकडून अपेक्षित असलेली मदत अगदी साधी आहे. ती केंद्रात गेली असता मुलाला कोणी सांभाळावे, बसभाड्याचा हिशेब मागू नये, घरी दिलेल्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात ठेवाव्यात. ‘मुले काढून घेऊ’ ही धमकी तर देऊच नये; तिच्या भीतीने केंद्रात येणेच सोडणाऱ्या बायका असतात. नवराही व्यसनी असेल, तर त्याचेही उपचार सोबतच सुरू व्हावेत.

पुरुष रुग्णाच्या पत्नीला समुपदेशनासाठी आवर्जून बोलावणाऱ्या केंद्रांनी, स्त्री रुग्णाची संमती घेऊन, तिच्या नवऱ्याला आणि सासरच्यांनाही तसेच बोलावावे, ही विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, पुणे