फ्रेमाँटच्या खालाजान, मनापासून आभार!

खालाजान, सलाम आणि नमस्कार.

मनातलं सगळं नीट मराठीतच येतं म्हणून मराठीत लिहितेय, तुम्हाला दुकानात येऊन हिंदीत वाचून दाखवीन. आणि आपल्या बे एरियातल्या मराठी लोकांनीही वाचावं, कारण लिटल काबूलमध्ये, म्हणजे आपल्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटच्या अफगाण दुकानांच्या भागात, कबाब खाऊन तसेच घरी जाणारे खूप आहेत.

आई साताऱ्याहून आमच्याकडे आली, आम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत, तिला ना इंग्लिश येत ना गाडी, दिवसभर घरात एकटी, फोनवर मावशीला सारखं सांगायची की करमत नाही. नान घ्यायला तिला तुमच्या बेकरीत आणलं आणि तुम्ही काउंटरमागून सरळ विचारलंत, "माँजी, चाय पियेंगी?" काबूल सोडल्यावर पेशावरमध्ये काढलेल्या वर्षांत शिकलेली तुमची उर्दू त्या दिवशी माझ्या आईच्या कामी आली. मग ती रोज चालत यायला लागली, तुम्ही केसांना जाळी लावायला देऊन तिला आतच घेतलंत.

गोश-ए-फीलची, म्हणजे तुमच्या त्या तळलेल्या खुसखुशीत गोडाची, पारी तिनं लाटली तेव्हा तुम्ही म्हणालात, हा हात सरावाचा आहे. असणारच, जन्मभर चिरोटे केलेत तिनं! पण गोल पारी एका बाजूनं चुण्या घालून चिमटायची, तशीच अलगद तेलात सोडायची म्हणजे हत्तीच्या कानाचा आकार राहतो, वर पिठीसाखर आणि पिस्त्याची पूड, हे सगळं तुम्ही तिचा हात धरून शिकवलंत. शीर पीरा ही तुमची दुधाची बर्फीसुद्धा, पाकात दूध पावडर, वेलची, गुलाबपाणी, वरून अक्रोड-पिस्ते. कुणी गिऱ्हाईक गुलाबपाणी कमी घाला म्हणालं की तुम्ही काही न बोलता एक तुकडा त्याच्या हातावर ठेवता, चव मात्र बदलत नाही, हे मला फार फार आवडतं.

२०२३ ला नवरोज, म्हणजे तुमचं नवं वर्ष, २० मार्चला होता आणि आपला पाडवा २२ ला. आधीचे दोन-तीन दिवस तुमच्याकडे नुसती धांदल, तांदळाच्या पिठाची कुल्चा-ए-नवरोजी बिस्किटं ट्रेवर ट्रे निघतायत, आणि आई तुमच्या नणंदेशेजारी बसून हफ्त मेव्यासाठी, म्हणजे नवरोजच्या सात सुक्या मेव्यांच्या गोड पाण्यासाठी, भिजवलेल्या अक्रोडांची ती पातळ कडवट साल नखानं सोलतेय, दोघींची भाषा वेगळी तरी गप्पा चालूच. जर्दाळू, मनुका, सिंजद नावाचं सुकं फळ, बदाम सगळं नुसत्या पाण्यात मुरतं, साखर घालावीच लागत नाही, याचं आईला इतकं नवल वाटलं! पाडव्याला तुम्ही घरी आलात, गुढीची साखरगाठी हातात घेऊन बघितलीत आणि श्रीखंड दोनदा मागून घेतलंत, तेव्हा आईला जो आनंद झाला तो मी तिच्या तोंडावर बघितलाय.

आता साताऱ्यात हळदीकुंकवाला ती गोश-ए-फील करते, आणि करताना आलेल्या प्रत्येकीला तुमचं नाव सांगते. या उन्हाळ्यात परत येतेय, येताना तुमच्यासाठी पुरणयंत्र आणणार म्हणतेय, तेव्हा ओट्यावर थोडी जागा ठेवा.

तुमची,
साताऱ्याच्या माँजींची लेक