खोली दुपारी बघ

कर्वेनगर, पुणे
रविवार

प्रिय पश्या,

इचलकरंजीत माडीवर बसून काम करायला कंटाळलास आणि पुण्यात घरून काम करता येईल अशी शेअरिंगमधली खोली शोधतोयस, हे वाचून बरं वाटलं. फक्त एजंट म्हणेल त्या वेळी घर बघायला जाऊ नकोस. तो संध्याकाळी सातनंतर बोलावणार, नाहीतर रविवारी. तेव्हा सगळीच घरं शांत असतात. तू मंगळवार-बुधवारी भर दुपारी जा. तिथे आधीपासून राहणारी पोरं दिवसभर ऑफिसात असतात. समोरच्या बांधकामावरचा ब्रेकर त्यांनी कधी ऐकलेलाच नसतो.

गेलास की हॉलमध्ये गप्पा मारत बसू नकोस. तुला मिळणाऱ्या खोलीचं दार लाव आणि तिथूनच मला व्हिडिओ कॉल कर. मागे मिक्सर किती ऐकू येतोय ते मी सांगतो. प्लग कुठे आहेत तेही बघ. मी पाहिलेल्या एका फ्लॅटमध्ये खोलीतला एकुलता एक प्लग कपाटामागे होता आणि टेबल मावेल अशी जागा फक्त बाथरूमच्या दाराशी. मालक शांतपणे म्हणाले, "बाकीची मुलं पलंगावर बसूनच करतात की!"

विजेचं म्हणशील तर महावितरण इथे दुरुस्तीची कामं सहसा गुरुवारी काढतं. सोसायटीत जनरेटर आहे असं सगळेच सांगतात. तो फ्लॅटमध्ये येतो की फक्त लिफ्ट आणि जिन्यापुरता, हे वॉचमनला विचार. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊनच ये.

आणि लाइट बिलाचं आधीच बोलून घे. शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, तीनशेच्या पुढे आणखी. तू दिवसभर घरी, पंखा-लॅपटॉप चालू, त्यात मे महिन्यात एसी. बिल समान वाटायचं ठरलं असेल तर दुसऱ्याच महिन्यात कुरबुर सुरू होते. थोडं जास्त देतो म्हणून तूच आधी सांगून टाक, स्वस्तात सुटशील.

रूममेट शक्यतो ऑफिसला जाणारे बघ. घरून काम करणारा दुसरा असला तर सोबत होते खरी, पण दोघांचे कॉल एकाच वेळी आले की एकाला बाल्कनीत जावं लागतं. अर्थात, घरी एकटा असलास की सगळ्यांचा केअरटेकर तूच. सिलिंडर तू घ्यायचा, कुरिअर तू घ्यायचं, आज भाजी काय करू हे मावशी तुलाच विचारणार. (मला हे आवडतं. तुला आवडेल असं वाटत नाही.)

को-लिव्हिंगवाल्यांचे, म्हणजे कंपन्या चालवतात त्या शेअरिंगच्या घरांचे, फोटो चकाचक असतात. आल्या आल्या तीन महिन्यांसाठी ठीक. सलग 90 दिवस राहिलास आणि महिन्याला माणशी 20,000 च्या आत असेल तर जीएसटी लागत नाही. पण लॉक-इन किती, म्हणजे किती महिने जागा सोडता येणार नाही, आणि डिपॉझिटमधून काय काय कापणार, हे लेखी घे. कायमचं राहायला मला ते हॉटेलच वाटतं.

फ्लॅट घेतलास तर भाडेकरारात तुझं नाव घालायला लाव. बऱ्याचदा करार एकाच्या नावावर असतो आणि बाकीचे नुसते 'ॲडजस्ट' झालेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला, असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस.

एरियाचं सांगतो. तुला ऑफिसच नाही, मग हिंजवडी-वाकडचा हट्ट कशाला? कोथरूडकडे बघ. मेस आहेत, भाजी जवळच मिळते, आणि वनाजहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदललंस की थेट स्वारगेट. गावची एसटी तिथेच. काकूंना हे आवर्जून सांग, त्यांचा निम्मा विरोध मावळेल.

कुठल्या आठवड्यात येतोस ते कळव. बुधवारी मी सुट्टी टाकतो, दुपारी दोन-तीन घरं बघून टाकू. येताना काकूंच्या हातचा कांदा-लसूण मसाला आण, इथला मला चालत नाही.

तुझा,
सुहास